भुरीच्या दावणीतलं उष्टं

वलवण,
२० जानेवारी २०२५

शालूआत्ये,

पाया पडते. ही चिठ्ठी वाडीतल्या कैलासभाऊच्या डब्याच्या पिशवीत घालून देते. तो तुमच्या सुदुंबऱ्याच्या कंपनीत कामाला लागलाय असं आई म्हणाली, तवा मला बरं वाटलं. फोन आबाच्या खिशात असतो, आणि फोनवर तू "बोल गं, बोल गं" केलंस की माझा गळा धरतो. शाळेत बी तसंच व्हायचं. वाचायला उभं केलं की कान तापायचे. आठवीनंतर गेलेच न्हाई. कागदावर मला बोलता येतं.

आत्ये, मला आमच्या गोठ्याची किळस यायला लागलीय.

आबा कुसगावच्या एका हॉटेलात सकाळचं दूध घालतो, हे तुला ठावं हाय. गणपतीपासनं तो परत येताना तितला निळा डरम घेऊन येतो. डरमात उष्टं असतं. पावण्यांनी ताटात टाकलेलं सगळं. आबा म्हणतो फुकटात खाणं मिळालं, म्हशी तुटून पडत्यात. डरम निवडायचं काम माझं. हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि चमचे, टिशू, दात कोरायच्या काड्या, लिंबाच्या फोडी काढायच्या. वरती भात, त्याच्यावर रस्सा, त्याच्यात कुणाचं तरी आइस्क्रीम वितळलेलं. खाली गेलं की गरम लागतं. आंबून गरम झालेलं. साबणानं तीनदा हात धुतला तरी जेवताना नाकात तोच वास.

कोंबडीची हाडं सगळी निघत न्हाईत. राहत्यात एकदोन. म्हैस हाड चावते तो आवाज तू ऐकलाय का? मी ऐकला. भुरीचाच. तू दिलेली भुरी, चार महिन्याची पारडी व्हती तवा तुझ्या टेम्पोतनं आलती आणि वाटभर माझ्या मांडीवर तोंड ठेवून बसलीवती. आता दुसऱ्या वेताची झाली, आणि कुणातरी मुंबईवाल्याचं चघळलेलं हाड चावती.

आणि तिचं दूध परत त्याच हॉटेलात जातं. त्याच लोकांच्या चहात. आमच्या बी चहात. मी गणपतीपासनं कोरा चहा पिते. आई म्हणते नखरे लय झालेत.

गेल्या उन्हाळ्यात तुझ्याकडं आलते तवा तुझ्या विहिरीमागं मका व्हता आणि मक्याला चवळी गुंडाळलेली. तू रोज भारा कापायचीस आणि तुझ्या गोठ्यात घाण वास नव्हता. मला तेवढंच आठवतंय. आमचा धरणाच्या बाजूचा सहा गुंठ्यांचा तुकडा भात काढल्यापासनं मोकळा हाय, विहिरीला पाणी बी हाय. मला बी देशील का? आणि कसं लावायचं ते लिही.

तुझी,
उजा

---

सुदुंबरे,
२४ जानेवारी

उजे,

तुझी चिठ्ठी माधवीनं वाचून दाखवली. मला डोळ्यानं नीट दिसत न्हाई आणि हाताला वळण न्हाई, म्हणून मी सांगते आणि सूनबाई लिहिते. ती मधी मधी आपलं घुसडती, तिकडं ध्यान देऊ नको.

(मी काहीच घुसडत नाही. — माधवी)

तुझा बाप पहिल्यापासनं असाच. फुकट म्हणलं की दगड बी उचलून आणंल. लहान असताना लग्नाच्या मांडवातनं उरलेली जिलबी टोपीत भरून आणायचा आणि ती टोपी परत डोक्यावर घालायचा. मुंग्या लागायच्या डोक्याला. हे त्याला सांगू नको.

कैलाससंगं दोन पुड्या धाडल्यात. मोठी मक्याची, चाऱ्याचा मका हाय, कणसाची वाट बघत बसू नको. बारकी चवळीची, माझ्या घरची. मक्याच्या दोन ओळी, मग चवळीची एक, परत दोन, परत एक. अशी सगळा तुकडा. शेणखत घाल, पण कुजलेलं घाल. थंडी जरा कमी झाली की पेर.

नुसता मका घातलास तर म्हशीचं पोट भरतं, पण दूध सुटत न्हाई, आणि जमीन बी खाऊन टाकतो तो. चवळीत कस असतो आणि ती जमिनीला परत देती. मक्याला तुरा आला आणि चवळी फुलावर आली की कापायला घे. दोन्ही एकत्र कुट्टी करून घाल. हावरटासारखी नुसती चवळी घालशील तर पोट फुगंल तिचं.

आणि कोरा चहा पिऊन काळी पडू नको.

शालूआत्या

---

वलवण,
२८ फेब्रुवारी

शालूआत्ये,

पेरलं. दोन तारखेला. आईनं पाणी सोडलं, मी ओळी धरल्या. सगळं उगवलं बी.

आबाला मी बोलले न्हाई, आई बोलली. आबा हसला. मग म्हणाला, "हिला एवढी शिसारी येते तर करूदे. भुरीला तीन आठवडे हिचाच चारा घालायचा. तिचं दूध जेवढ्याला तेवढं टिकलं तर डरम बंद. घटलं तर परत तोंड वाकडं करायचं न्हाई, डरम मुकाट निवडायचा." मी मान हलवली. आत्ये, म्हंजे आता सगळं त्या सहा गुंठ्यावर हाय. तो तुकडा पिकला न्हाई तर मी जल्मभर त्या डरमात हात घालणार.

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत हॉटेल फुल व्हतं, त्या आठवड्यात दोन दोन डरम आले. एकात काय निघालं सांगू का? लहान पोराचं डायपर. भरलेलं. पनीरच्या भाजीत. मी उकिरड्यावर जाऊन ओकले. आबा म्हणाला, "काढलंस ना? मग झालं." आणि बाकीचं दावणीत ओतलं. म्हशींनी खाल्लं. मी आबाकडं बघितलं तर तो मिशीला हात लावून दुसरीकडं बघत व्हता.

पण आता भलतीच घाण निघालीय. काल मी तण काढताना चवळीचं एक झाड उपटून आलं. मुळाला फोड आलेत. गाठी गाठी, जशा आजीच्या बोटाला व्हत्या. मी आणखी तीन उपटली, सगळ्याला तसंच. हात लावायला बी नको वाटलं. रोग हाय का आत्ये? मक्याला लागंल का? ती चार मी लांब उकिरड्यात फेकली आणि हात राखेनं धुतला. बाकीची उपटू का? लवकर कळव. मला झोप न्हाई.

उजा

---

सुदुंबरे,
४ मार्च

उजे, येडे,

उपटू नको. एक बी उपटू नको.

माधवी तुझी चिठ्ठी वाचताना हसून हसून खाली बसली. त्या गाठी म्हंजे रोग न्हाई. तेच तर पायजे. त्यातनं जमिनीला खत मिळतं, फुकटात, तुझ्या बापाला सांग, त्याला फुकटचं आवडतं. चवळी, हरबरा, भुईमूग, सगळ्या शेंगावाल्या झाडाला येत्यात. एक गाठ नखानं फोडून बघ. आत गुलाबी निघालं तर ती कामाला लागलीय. पांढरं निघालं तर अजून बसलीय.

(मी पण लग्न होऊन आले तेव्हा असंच विचारलं होतं. सासूबाईंनी पूर्ण गल्लीत सांगितलं. — माधवी)

एवढं सगळं तू एकटीच खुरपतेस का? चवळी पसरल्याशिवाय तण दबत न्हाई, तोवर तीनदा खुरपावं लागतं. तुझी आई धुण्याभांड्याला जाती, तुझा बाप दुधाच्या गाडीवर. सोळा वर्साच्या पोरीची कंबर मोडायची. बघते मी काय ते.

शालूआत्या

---

वलवण,
१८ मार्च

शालूआत्ये,

सगळं गेलं.

रविवारी मी आणि आई लोणावळ्याच्या बाजाराला गेलतो. परत आलो तर तुकड्याच्या बांधावर आबा आणि वरच्या वाडीचा बहिरू उभे. बहिरूच्या पाठीवर फवारायचा पंप. आबा एवढा खुशीत. मला म्हणाला, "ये उजा, बघ. तुझी कंबर वाचवली. आता खुरपायला नको." वास आला मला. गोडूस, घशात बसणारा.

त्यानं तणनाशक मारलं आत्ये. दुकानात गेला, दुकानदारानं विचारलं काय लावलंय, हा म्हणाला मका. दुकानदारानं मक्याचं दिलं. मक्याला त्यानं काय होत न्हाई. चवळीला होतं. दोन दिवसांत चवळीची पानं वळली, देठ पिळल्यासारखे वाकडे झाले, आता मऊ पडून सडायला लागल्यात. आबाला मी दाखवलं. त्यानं एक वेल हातात धरला, बघितला आणि म्हणाला, "हे मेलं व्हय."

हे मेलं व्हय. एवढंच.

वरचा अर्धा तुकडा गेला. मी त्या डरमातल्या घाणीची किळस करत व्हते ना, आता मला माझ्या बापाची किळस येते. हे लिहायला नको, पण लिहिलं. त्याच्या हातचं पाणी बी नको वाटतं.

आता लिहू नको. मी बी लिहिणार न्हाई.

उज्ज्वला

---

सुदुंबरे,
२१ मार्च

उजे,

तू लिहू नको म्हणलीस तरी मी लिहिते. तुझ्या बापाला अक्कल कधी येणार देव जाणे. कुणाला न विचारता, पोरीचं पीक, आणि गेला दुकानात. मी तितं असते तर पंप त्याच्याच डोक्यावर ओतला असता. माझी घरची चवळी व्हती ती. असला माणूस मी बघितला न्हाई. अर्धा तुकडा राहिलाय ना? तो संभाळ. बापाला बांधावर पाय ठेवू देऊ नको.

शालूआत्या

उजा, आता हे सासूबाईंनी सांगितलेलं नाही, त्या शेळ्यांना पाणी पाजायला गेल्यात म्हणून लिहितेय. पाच मार्चला, म्हणजे तुला चिठ्ठी धाडल्यावर दुसऱ्याच दिवशी, त्यांनी तुझ्या आबांना फोन केला होता. मी बाजूलाच भाकरी थापत होते. म्हणाल्या, "पोरगी एकटी खुरपून मरायला लागलीय, तुला लाज कशी वाटत न्हाई, काहीतरी औषध मार की." हेच शब्द. आबा तिकडून नुसतं बरं बरं म्हणत होते. तुझ्या आबांनी ते मनानं केलं नाही. सासूबाईंना हे माहीत आहे. परवा तुझी चिठ्ठी वाचली तेव्हापासून त्या रात्रीचं जेवत नाहीत, आणि वर तुझ्या आबांना शिव्या देतायत. मला राहवलं नाही. मी सांगितलं असं बोलू नकोस.

माधवी

---

वलवण,
३ एप्रिल

शालूआत्ये,

मला कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नको. तू आबाला फोन केलावता.

तू मला सांगायला पायजे व्हतं. तू त्याला शिव्या देत कागदभर लिहिलंस आणि मी ते वाचून खूश झाले, की आत्या तरी माझ्या बाजूची हाय. मग कळलं. तो कागद मी चुलीत घातला. डरमाचं झाकण काढल्यावर जसं होतं तसंच झालं मला.

आबानं मला एकदा बी सांगितलं न्हाई की शालूनं सांगितलं म्हणून केलं. पंधरा दिवस मी त्याच्याशी बोलले न्हाई, तो ऐकून घेत राहिला. तुझं नाव घेतलं न्हाई.

चिठ्ठी ह्यासाठी लिहिते की चारा कसा ते तुला कळावं. बी तुझं व्हतं. खालचा अर्धा राहिला तो पंप तुंबला म्हणून, कुणाच्या चांगुलपणानं न्हाई. बांधावर उभं राहिलं की आता दोन रंग दिसत्यात. वरती नुसता मका, पिवळट, काटकुळा, मधल्या मोकळ्या ओळीत परत तण आलंय. ज्याच्यासाठी एवढं मारलं ते तणच. खाली चवळी मक्यावर चढलीय, जमीन दिसत न्हाई, आणि मका काळाहिरवा. एकच बी, एकच पाणी, एकच शेणखत. खालची माती मुठीत धरली की मऊ लागते. वरची ढेकळं.

एक गाठ फोडली. गुलाबी व्हती.

सात तारखेपासनं भुरीला घालायला घेणार. खालच्यातलंच. वरच्या फवारलेल्या मक्याचं मी भुरीला एक पान घालणार न्हाई.

उजा

---

सुदुंबरे
७ एप्रिल

उजा

ही मी सोता लिहीते. माधवीला दिली न्हाई. तीला काय बोलनार न्हाई.

फोन मी केला. औषद मार मी म्हनले. कोनतं ते मला बी ठावं नव्हतं. मग तूझी चीठी आली आनी मी घाबरले. तूझ्या बापाला सोपानाला फोन केला तर तो म्हनाला ऊजाला सांगू नको. ती तूला लय मानते. मानूदे.

तो लहानपनी बी असाच. टोपीतली जीलबी मला आनायचा. त्यानं नव्हती खाल्ली.

आक्षर वाईट हाय. डोळ्याला पानी येतं म्हनून.

शालू

---

वलवण,
२ मे

शालूआत्ये,

तुझी चिठ्ठी लय वेळा वाचली. अक्षर वाईट न्हाई.

तीन आठवडे झाले. तुला सगळं सांगते, शेवट घाण हाय, आधीच सांगते.

रोज सकाळी भारा कापायचा, मका चवळी एकत्र, कुट्टी करायची, वरनं थोडा पेंढा. पहिले दोन दिवस भुरीनं तोंड लावलं न्हाई. मान वाकडी करून बाजूच्या म्हशींच्या दावणीतलं उष्टं हुंगत व्हती. मला रडू आलं. आई म्हणाली, "हिला हॉटेलची सवय लागली, आता हिला मेनूकार्ड दाखव." तिसऱ्या दिवशी खाल्लं. आता मी बांधावरनं येताना दिसले की हंबरती.

दूध घटलं न्हाई. सात लिटर व्हतं, साडेसातला गेलं. संध्याकाळचं आबा डेअरीवर घालतो, तितल्या मशिनवर भुरीचं वेगळं लावलं तर फॅट सहाचं सातला लागलं. डेअरीवाला म्हणाला, "सोपानभाऊ, पाणी घालायचं इसरलात काय आज?" आबाला राग आला, पण हसला बी.

आणि शेण. किळस करू नको, मी रोज काढते म्हणून मला ठावं. बाकी तीन म्हशींचं शेण पातळ, आंबूस, पायावर उडलं की धुवून जात न्हाई. त्यात भाताची शितं तशीच दिसत्यात. कधी काडी, कधी पन्नी. भुरीचं घट्ट, गवताचा वास. परवा आबा गोठ्यात आला, त्यानं दोन्ही हातात दोन शेणं घेतली आणि वास घेतला. एकदा ह्या हाताचा, एकदा त्या हाताचा. मग तसाच हात धरून उभा राहिला. मी बादली पुढं केली, त्यानं हात धुतले. फवारणीपासनं पहिल्यांदा मी त्याला कायतरी दिलं.

म्हणाला, "तू जिंकलीस. उद्या हॉटेलात सांगून येतो, डरम नको."

दुसऱ्या दिवशी तो आला तो डरम घेऊनच आला. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. मग सांगितलं. हॉटेलचा शेट म्हणाला, "डरम उचलायचा नसंल तर दूध बी आणू नको. दूध काय, पिशवीचं मिळतं. मी तुझ्याकडनं घेतो ते तू घाण उचलतोस म्हणून." पहिल्या दिवसापासनं तसंच ठरलेलं, गणपतीत. आबानं घरात सांगितलंच नव्हतं. फुकटचं मिळतंय फुकटचं मिळतंय म्हणून आमाला सांगत राहिला. त्याला लाज वाटत व्हती, आत्ये.

आमचं दूध त्यांना नकोच व्हतं. मला वाटायचं आमच्या दुधाला चव हाय म्हणून घेत्यात. डायपर निघालं त्या दिवशी जेवढी शिसारी आली न्हाई तेवढी हे ऐकून आली. सकाळचं सगळं दूध तितं जातं, डेअरीवर तेवढा भाव न्हाई. ते बंद झालं तर लांबचं दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत काय करायचं? आणि त्याला हो म्हणलं तर भुरी परत हाडं चावणार.

आबा म्हणाला, "तूच सांग आता." मला. मी उठून डरम निवडायला घेतला.

तू सांग कायतरी.

उजा

---

सुदुंबरे
५ मे

उजा

मी कायबी सांगनार न्हाई. मागं सांगीतलं त्याचं काय झालं बघीतलंस.

तू रोज त्या डरमात हात घालतेस. तूला जेवढं कळतं तेवढं मला न्हाई कळत आनी सोपानाला बी न्हाई.

शालू

(हे त्यांनी स्वतः लिहिलंय. मी फक्त पाकीट चिकटवलं. — माधवी)

---

वलवण,
१४ मे

शालूआत्ये,

तुझी चिठ्ठी वाचून आधी राग आला. मग मी डरम निवडायला बसले आणि हात आत असतानाच इचार आला, की हे आंबून एवढं गरम होतं, म्हंजे हे कुजायलाच बसलंय. तू पहिल्या चिठ्ठीत लिहिलेलं, शेणखत घाल पण कुजलेलं घाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या अर्ध्यात खड्डा खणायला घेतला. त्याच फवारलेल्या जागेत, पिवळा मका उपटून. तितली जमीन दगडासारखी झालीय. कंबरेएवढा खणायचा व्हता, गुडघ्याएवढा झाला तोवर हाताला फोड आले. आबा दुधाच्या गाडीवरनं आला, डरम उतरवला, माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "म्हशीला नको. हितं." तीनच शब्द निघाले. त्यानं इचारलं न्हाई का. शर्ट काढून बांधावर ठेवला आणि माझ्या हातातनं टिकाव घेतला. दुपारपर्यंत खणत व्हता. मधी एकदा म्हणाला, "पंपाचं मला माफ कर." मी म्हणाले, "खण तू."

आता असं करतो. डरम येतो, मी निवडते. चमचे, काड्या, पन्नी, सगळं बाजूला. उरलेलं खड्ड्यात. त्याच्यावर पिवळ्या मक्याची धाटं तोडून, मग शेण, मग माती. माती चांगली जाड, न्हाईतर कुत्री उकरत्यात. पहिले दोन दिवस वाडीतली सगळी कुत्री आलती. बहिरू नाक धरून बघून गेला आणि म्हणाला, "सोपानभाऊ, हॉटेल काढलं काय?" पाऊस सुरू व्हायच्या आधी खड्डा भरंल. मग दुसरा, गोठ्यामागच्या चढावर, पाणी साचणार न्हाई तितं. पुढच्या वर्साला त्या अर्ध्यात हे खत घालून परत दोन ओळी मका, एक ओळ चवळी. तुझ्याकडं चवळी उरलीय का?

बाकी तीन म्हशींना बी आता खालच्या तुकड्यातलं थोडं थोडं आणि पेंढा. पुरणार न्हाई, ठावं हाय. आबानं शेजारच्या कोंडाजीआज्याची पडीक जागा मागितलीय, तितं पावसाळ्यात कडवळ, म्हंजे चाऱ्याची ज्वारी, आणि चवळी लावू म्हणतो. कडवळ कोवळं घालायचं न्हाई, इख असतं, ते मीच त्याला सांगितलं. तोंडानं सांगितलं.

आता जे सांगायचं ते सांगते. शेटला कळलं. कुणीतरी सांगितलं असंल की सोपान उष्टं पुरतो. आबा घाबरत घाबरत दूध घेऊन गेला, मला संगं घेऊन गेला. शेट मागच्या दारात दात कोरत उभा. आबा म्हणाला, "शेट, ते म्हशीला घालत न्हाई आमी आता. खड्ड्यात घालतो." मला वाटलं आता दूध ओतून देतो. तो म्हणाला, "मला काय करायचंय? तुला म्हशीला घाल म्हणून कुणी सांगितलं होतं? उचल म्हणलो होतो. डरम रिकामा परत आला की झालं." आणि काडी टाकली. डरमातच.

आत्ये, आठ महिने. आठ महिने आमी ते म्हशींच्या तोंडात घातलं आणि कुणी घाल म्हणलंच नव्हतं. आबाला खाणं टाकून द्यायला जड गेलं, एवढंच. परत येताना गाडी तो चालवत व्हता. मी मागं डरम धरून बसलेवते. वलवणच्या उतारावर त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, गटाराच्या कडंला बसला आणि ओकला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. त्याला आज आली ती शिसारी. मला गणपतीपासनं येत व्हती.

घरी आल्यावर आईनं चहा ठेवला. माझा कोरा बाजूला काढत व्हती. मी म्हणाले, दूध घाल. भुरीचं घाल. तिनं वर बघितलं आणि घातलं. सकाळी डरम निवडलेला, उजव्या हाताला अजून वास येत व्हता, कप तोंडाजवळ नेला की पहिला तोच. म्हणून कप डाव्या हातात घेतला.

पण प्याले. सगळा.

तुझी,
उजा